हरिपूरचं पेव आणि शाळेतला विश्वकोश

गेल्या वर्षी आठवीला मी ‘आपल्या भागातलं एक पीक’ असा प्रकल्प दिला. वह्या जमा झाल्या तेव्हा त्यांतल्या अकरा वह्यांत हळदीवरची तीच चार पानं चिकटवलेली निघाली. शाळेजवळच्या एका दुकानात ती तयार मिळतात. विषय सांगायचा, दुकानदार संगणकावरून पानं काढून देतो, वर एक रंगीत चित्र. अकराही वह्यांत ‘कंद’ या शब्दाच्या जागी ‘कांदा’ छापलेलं होतं आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. ही मुलं सांगलीची. दोघांचे वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. एक मुलगी शेजारच्या हरिपूरची, जिच्या घरात दोन पिढ्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, काम झालेलं आहे. ज्या गावच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावच्या मुलांनी हळदीला कांदा म्हणून वही जमा केली, याचं मला फार वाईट वाटलं.

मुलांचा राग आला नाही. चार पानं चिकटवा आणि गुण घेऊन जा, हे आम्हीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. आकारिक मूल्यमापनाचे रकाने भरायचे असतात, साठ वह्या तपासायच्या असतात, मग वही जाड आहे का आणि अक्षर बरं आहे का एवढंच पाहिलं जातं. मीही तेच केलंय. म्हणून हे लिहिताना बोट दुसऱ्या कुणाकडे नाही.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेटशिवाय चालणारा, चित्रं, आवाज आणि चित्रफिती असलेला मराठी विश्वकोश असला पाहिजे. आणि प्रकल्पाचा प्रश्न असा असला पाहिजे की नुसता तो कोश उघडून त्याचं उत्तर सापडू नये. या दोन गोष्टी जोडीनेच हव्यात. कोश दिला आणि प्रश्न जुनाच ठेवला, तर दुकानातल्या पानांऐवजी कोशातली पानं चिकटवली जातील. प्रश्न बदलला आणि हाताशी कोश नसला, तर पोरं पुन्हा त्याच दुकानात जातील.

असा कोश मुलांच्या हातात पडला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. २००० सालाच्या आसपास मी एका खेड्यातल्या शाळेत होतो. शाळेला एक संगणक मिळालेला, आणि एका माजी विद्यार्थ्याने एन्कार्टा या विश्वकोशाची सीडी भेट दिली. सगळं इंग्रजीत. आमच्या मुलांना इंग्रजी जेमतेम. पण पडद्यावर हृदय हलायला लागलं, झडपा उघडू-मिटू लागल्या, आणि मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा पुढे येऊन म्हणाला, “सर, परत लावा की. रगात खालनं वर कसं चढतंय ते बघायचंय.” आकृती फळ्यावर मी पाच वर्षं काढत होतो. तो प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. मग दिवसाचे कितीतरी तास भारनियमन सुरू झालं, सीडीवर चरे पडले, आणि लॅबची किल्ली कार्यालयातल्या कपाटात गेली ती गेलीच.

त्या सीडीमागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९८५ साली ग्रोलियरचा कोश सीडीवर आला, पण त्यात फक्त मजकूर होता. १९८९ साली कॉम्प्टनने चित्रं आणि आवाज घातले. १९९३ साली मायक्रोसॉफ्टची एन्कार्टा आली आणि घराघरातल्या संगणकांवर पोचली. एका सीडीत साधारण ६५० मेगाबाइट माहिती मावते. कपाटभर खंडांचा मजकूर मावून चित्रांना आणि आवाजाला जागा उरायची. पुढे विकिपीडिया आला, २००१ साली इंग्रजी आणि २००३ साली मराठी. एन्कार्टा २००९ साली बंद झाली. १७६८ पासून निघणाऱ्या ब्रिटानिकाने २०१२ साली जाहीर केलं की २०१० ची ३२ खंडांची आवृत्ती ही छापील शेवटची.

त्या वेळी सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आता सगळं फुकट आणि अमर्याद. मलाही वाटलं होतं. पण अमर्याद हीच अडचण आहे हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशेजारी बसलं की कळतं. तो ‘हळद’ असं शोधतो. पहिल्या पानावर फेस पॅकची जाहिरात, दुसऱ्यावर ‘हळदीचे अकरा चमत्कारिक फायदे’, तिसऱ्यावर आजचा बाजारभाव, चौथ्यावर कुणाच्या लग्नातली हळद. यातलं कुठलं शास्त्र, कुठली जाहिरात, कुठलं सांगोवांगी, हे ओळखायला जी समज लागते ती यायला शाळा असते. ती समज आलीच आहे असं धरून आपण त्याला तिथे सोडून देतो.

‘पेव फुटणं’ हा शब्दप्रयोग आपण येता-जाता करतो. क्लासचं पेव फुटलं, अफवांचं पेव फुटलं. हरिपुरात खरं पेव बघायला मिळतं. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथली माती अशी की खोदलेल्या खड्ड्यात ओल झिरपत नाही. तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकलं की ती वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही, कारण आत हवाच फारशी नसते. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि हळदीचं मोठं नुकसान झालं. माल तोच होता, पण लिंपलेलं तोंड उरलं नाही. कोश म्हणजे लिंपलेलं पेव. कुणीतरी निवडून भरलेलं, किती भरलंय ते ठाऊक असलेलं, कुणी भरलं त्याचं नाव असलेलं. शिकणाऱ्याला आधी याची गरज असते.

आणि असा कोश आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेला आहे. वाईला, कृष्णेच्याच काठी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. एवढा काळ चिकाटीने हे काम झालं याचा आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना अभिमान वाटायला हवा. पण किती शाळांत मुलांनी त्याचं पान उघडलंय? ज्या शाळांत हे खंड आहेत तिथे मी ते काचेच्या कपाटात कुलूपबंद पाहिलेत. आता ते संकेतस्थळावर आहेत, शोधता येतात, ही मोठी सोय झाली. तरी जावळी-पाटणच्या डोंगरातल्या, शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या किंवा इकडे जत-आटपाडीच्या टोकाच्या शाळेतल्या मुलाला संकेतस्थळ म्हणजे रेंज आली तर मिळणारी गोष्ट. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं तेच. कोड छापलेला आहे, मोबाइल वडिलांसोबत रानात गेलेला आहे.

विश्वकोशाची एक शिस्त मला मुलांना मुद्दाम दाखवावीशी वाटते. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. आडनाव, पुढे आद्याक्षरं. एका नववीच्या मुलीने मला विचारलं होतं, “सर, ह्यांनी खाली सही का केलीय?” मी म्हटलं, चुकलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुराखाली ही सही नसते, आणि चॅटबॉटने दोन सेकंदांत लिहून दिलेल्या परिच्छेदाखाली तर नसतेच.

कोशात लिहिलेलं सगळं खरं, असंही मी मुलांना सांगत नाही. विश्वकोशाच्या सुरुवातीच्या खंडांत गावांच्या नोंदीत लोकसंख्येपुढे कंसात १९७१ लिहिलेलं असतं. ते साल सोडून नुसता आकडा उतरवला की झालं, गावातली निम्मी माणसं गायब. कोश वाचायला शिकणं म्हणजे तो कंस वाचायला शिकणं. २००५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकाने तज्ज्ञांकडून विकिपीडिया आणि ब्रिटानिकातल्या ४२ शास्त्रीय नोंदी तपासून घेतल्या, तर विकिपीडियाच्या नोंदीत सरासरी चार आणि ब्रिटानिकाच्या नोंदीत तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला, तो भाग वेगळा. एन्कार्टाच्या बाबतीत तर देश बदलला की उत्तर बदलायचं. टेलिफोन म्हटलं की जग बेलचं नाव घेतं, १८७६ चं पेटंट त्याचं. इटालियन आवृत्तीत अँतोनिओ मेउच्चीला मान. दोन कोश शेजारी ठेवले की मुलांना आपोआप दिसतं की ज्ञानही कुणीतरी, कुठेतरी बसून लिहिलेलं असतं. हा धडा भाषणाने देता येत नाही.

आता आवाजाचं. माझ्या मते मल्टिमीडिया कोशाची खरी किंमत चित्रफितींपेक्षा आवाजात आहे, आणि याला उदाहरण मिरजेचं. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या सतारमेकर गल्लीत मी दर वर्षी मुलांना घेऊन जातो. ध्वनीचा पाठ चालू असतो: कंप्रता, आयाम, अनुनाद. पुस्तकात तबकडी आणि स्वरकाट्याची आकृती असते. गल्लीत कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसलेले असतात. घोडीचा माथा किंचित उतरता असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये ते एक सुती दोरा सरकवतात. दोरा काढला तर तार ‘टण्’ करून गप्प बसते. दोरा नेमक्या जागी आला की तीच तार गुंजायला लागते, एका स्वरातून वरचे स्वर उमलत राहतात. याला जवारी लागली म्हणतात. हे मी आत्ता पाच-सहा वाक्यांत लिहिलं आणि ज्याने ऐकलेलं नाही त्याच्या हाती काहीच लागलं नसेल. दोन ध्वनिफिती शेजारी-शेजारी, एक बिनदोऱ्याची, एक दोऱ्याची, प्रत्येकी दहा सेकंदांची. बास. जतच्या मुलाला मिरजेला यायला एसटीचं भाडं पडतं. त्याच्या शाळेतल्या कोशात ह्या वीस सेकंदांना जागा नसावी?

चित्रफिती आल्या की मुलं नुसती बघत बसतात, टीव्हीसारखी, अशी तक्रार माझे सहकारी करतात. तिच्यात तथ्य आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले रिचर्ड मेयर यांनी या विषयावर अनेक वर्षं प्रयोग केलेत. शब्द आणि चित्र एकत्र दिलं तर नुसत्या शब्दांपेक्षा मुलं चांगलं शिकतात, हे त्यांना दिसलं. पण त्यात शोभेचं संगीत, गंमत म्हणून घातलेली चित्रं, सांगण्याशी संबंध नसलेल्या गोष्टी आल्या की शिकणं कमी होतं, हेही दिसलं. हलत्या चित्राबरोबर तोच मजकूर पडद्यावर वाचायला देण्यापेक्षा बोलून सांगितलेला बरा. आमच्याकडे शाळांना विकली जाणारी बरीचशी ‘डिजिटल सामग्री’ याच्या नेमकी उलट असते. ढोल-ताशा, नाचणारी अक्षरं, पाठ्यपुस्तकाचंच पान पडद्यावर. तिला मी कोश म्हणणार नाही. कोशातली चित्रफीत मुलाने प्रश्न घेऊन शोधलेली असते, थांबवता येते, मागे नेता येते, आणि तिच्याखाली वाचायला नोंद असते.

एक बारीक वाटणारी पण मराठीतली फार मोठी अडचण शोधण्याची आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ‘पेशी’, विश्वकोशात ठिकठिकाणी ‘कोशिका’. मुलाने ‘पेशी’ शोधलं आणि हवं ते मिळालं नाही की तो म्हणतो, “सर, ह्यात न्हाईच ओ,” आणि उठून जातो. मिळालं असतं तर म्हणाला असता, “कोशिका म्हंजे पेशीच न्हवं का!”, आणि एका गोष्टीला दोन नावं असतात हे शिकून गेला असता. तेच ऱ्हस्व-दीर्घाचं. ‘विद्युत’ का ‘विद्युत्’, ‘जीवाणू’ का ‘जिवाणू’. मुलगा शुद्धलेखनात चुकला म्हणून त्याला माहिती नाकारणारा कोश त्याला शिकवणार काय? जुन्या मराठी सीडींत फॉन्टचीच रड होती, एका संगणकावर अक्षरं तर दुसऱ्यावर रांगोळी. युनिकोड आल्यापासून ती अडचण संपली. आता उरलंय ते माणसाने बसून करायचं काम: प्रत्येक नोंदीला पाठ्यपुस्तकातला शब्द, बोलीतला शब्द, चुकीच्या पण रूढ लेखनाचा शब्द जोडून ठेवणं. हे काम वाईच्या विश्वकोश मंडळाने हाती घ्यावं, आणि त्यासाठी गावोगावच्या शिक्षकांची मदत मागावी. आम्ही देऊ. कुठल्या शब्दावर मूल अडतं हे आम्हाला रोज दिसतं.

“आता एआय आलंय, कोश कशाला?” असं मला परवाच एका पालकांनी विचारलं. भला माणूस, मुलासाठी जीव टाकणारा. त्यांना मी सांगितलं, तुमचा मुलगा चॅटबॉटला हरिपूरच्या पेवाबद्दल विचारेल तेव्हा त्याला छान मराठीत उत्तर मिळेल, आणि त्यातलं खरं किती ते त्यालाही कळणार नाही आणि तुम्हालाही. पेवाची खोली तो सांगेल. ती कुणी मोजली ते विचारलं तर तेही काहीतरी सांगेल. आधी पक्क्या जागी उभं राहायची सवय लागलेल्या मुलाने हे साधन वापरावं, जरूर वापरावं. ती सवय लावायलाच कोश.

खर्चाचं म्हणाल तर तो आडवा येत नाही. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात अख्खा विकिपीडिया उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडियाला साधारण १०० गिगाबाइट जागा लागते, मराठीला त्याच्या कितीतरी कमी. तळहातावर मावणारा एक स्वस्त संगणक वायफायला जोडून ठेवला की लॅबमधले सगळे संगणक त्यातूनच वाचतात, रेंज असो वा नसो. आमच्या लॅबमध्ये गेल्या दिवाळीनंतर आम्ही हे केलं. नवीन काही घेतलं नाही. भंगारात निघालेल्या एका संगणकावर एका माजी विद्यार्थ्याने दोन रविवार खपून बसवून दिलं. विश्वकोशाची मात्र अशी शाळेत उतरवून ठेवण्याजोगी, आवाज-चित्रांसह शालेय आवृत्ती हवी आहे. २० खंडांचा मजकूर लिहून तयार आहे. त्यावर मिरजेचा आवाज, कासच्या पठारावर माशी धरणाऱ्या दवबिंदू या वनस्पतीची चित्रफीत, आणि सालांचे ताजे कंस, एवढं चढवायचं आहे. ज्या राज्याने १९६० नंतर एवढ्या हिमतीने हे काम आरंभलं, त्याला हा पुढचा टप्पा जड नाही.

हळदीचा प्रकल्प मी पुन्हा दिला. पण प्रश्न बदलला. ‘हळदीची माहिती लिहा’ ऐवजी: ‘हळद जमिनीत वाढते, मग ती मूळ की खोड? कोशात काय लिहिलंय ते बघा, आणि ते खरं आहे का हे ओल्या गड्ड्यावर तपासून दाखवा. मग कोशात नसलेली एक गोष्ट माहीत असलेल्या माणसाकडून विचारून आणा.’ पोरांनी आधी कुरकुर केली. मग लॅबमध्ये नोंद वाचली, गड्डे आणले, त्यावरची पेरं मोजली, पेरांवरचे डोळे शोधले. मुळाला पेरं नसतात हे कोशात वाचलेलं वाक्य त्यांच्या बोटांना लागलं. या खेपेला एकाही वहीत कांदा नव्हता.

हरिपूरच्या मुलीने तिच्या आजोबांना विचारून आणलं होतं. वहीत तिने त्यांच्याच बोलीत लिहिलं होतं: “पेव उघडल्याव लगीच उतरायचं न्हाई. आधी वारं घ्यू द्यायचं. मग कंदील सोडायचा. कंदील इजला तर मानूस बी इजतंय.” त्याखाली तिने लॅबमध्ये ज्वलनाची नोंद वाचून लिहिलं होतं की ज्योतीला ऑक्सिजन लागतो, आणि बंद पेवात तो कमी असतो म्हणून कीड जगत नाही आणि माणूसही जगत नाही. टिकण्याचं कारण आणि धोक्याचं कारण एकच, हे तिचं तिला सापडलं होतं. कोशात अर्धं होतं, आजोबांकडे अर्धं होतं. वही देताना तिने विचारलं, “सर, संदर्भात आज्जाचं नाव लिहू का नुसतं आज्जा?” मी म्हटलं, पूर्ण नाव लिही, आडनाव आधी.

आता लॅब दुपारच्या सुट्टीत उघडी ठेवतो. किल्ली कार्यालयात ठेवायची नाही एवढं मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलंय; नववीतली दोन मुलं आठवड्याच्या पाळीने ती सांभाळतात.